उजवीकडे चालत गेलेला माणूस

तो परत आला, ही बातमी नानाएला लाँड्रीत कळली.

तिची चादर यंत्राच्या गोल काचेमागे गरगरत होती आणि ती कशाकडेच न पाहता बाकावर बसली होती. एखादं मोठं काम हातावेगळं झालं की तिचं असंच व्हायचं. हात रिकामे, डोळे रिकामे, आणि डोक्यात मात्र टाकाचा किरकिराट चालूच. समोरच्या बाकावर कॉलेजातल्या दोन मुली मोज्यांच्या जोड्या लावत होत्या. त्यांच्या मध्ये एक मासिक उघडं पडलं होतं, आणि ते कुठल्या पानावर उघडं आहे हे नानाएला तिथूनच दिसलं. आपलं पोर गर्दीत पाठमोरं असलं तरी ओळखू येतंच. दोन वर्षं तिने ती चित्रकथा काढली होती, आणि हे तिचं शेवटचं जोडपान होतं: खाडीचा बांध, पांढरं आकाश आणि बांधावरून चालणारा एक तरुण. हे माझं काम, असं सांगावं हे तिच्या मनातही आलं नाही. उलट तिने मान आणखी खाली घातली आणि कान टवकारले. वाचकाचं खरं मत चोरूनच ऐकावं लागतं.

"शेवटी परत येतो ना तो, म्हणून मला आवडलं," आखूड केसांची म्हणाली. "रडले मी. खरंच."

"परत? अगं, जातो तो! घंटा संपते आणि तो जातो. मालिकेचा शेवट आख्ख्या जगाला ठाऊक आहे."

"आख्ख्या जगाने बघितली असेल मालिका. मी नाही बघितली. मी हे वाचलंय, आणि ह्यात तो येतोय. हे बघ ना, बांधावरून घराकडे."

चष्मेवाली हातात एकच मोजा धरून वाकली. बराच वेळ वाकलेली राहिली. "अय्या," ती म्हणाली. "खरंच की गं. येतोय."

 यंत्र थांबल्याची शिट्टी वाजली. नानाएने चादर सुकवायच्या यंत्रात घातलीच नाही, तशीच ओली पिशवीत कोंबली आणि बाहेर पडली. आसागायाच्या त्या गल्लीत ऑक्टोबरातल्या मोकुसेईच्या फुलांचा गोड वास इतका दाटला होता की तोंडाने श्वास घ्यावा लागत होता. पिशवी मांडीवर आपटत होती, मांडी भिजत होती, आणि तिला एकच वाक्य सुचत होतं: असं कसं होईल, मी तर जसंच्या तसं काढलं आहे.

जसंच्या तसं काढलं होतं, तिथेच सगळं फसलं होतं. घरी येऊन तिने अंक उघडला. इतक्या वेळा पाहिलेलं ते पान आता तिने परक्याच्या नजरेने पाहिलं, तेव्हा तिला हसू यावं की रडू हेच कळेना. मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचणारा डोळा उजवीकडून डावीकडे जातो. त्यामुळे कागदावरचा माणूस डावीकडे चालला की तो गोष्टीबरोबर पुढे जातो, आणि उजवीकडे चालला की वाचणाऱ्याच्या समोरून येतो. मदतनीस म्हणून ती तिच्या गुरुबाईंकडे लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे डोक्यात भरवलं गेलं होतं. जाणारा डावीकडे, येणारा उजवीकडे. चुकलं की गुरुबाई हातातला पंखा टेबलावर आपटायच्या आणि म्हणायच्या, "नवरा कामाला निघालाय की कामावरून आलाय? बायकोने आता डबा द्यायचा की घ्यायचा?" स्वतःच्या गोष्टीत नानाएने ही चूक झोपेतही केली नसती. पण ही गोष्ट तिची नव्हती. 'मिठाची घंटा' ही मूळची दूरदर्शनवरची ॲनिमे मालिका, वीस वर्षांपूर्वीची, आडवेळेला लागणारी, मोजक्या लोकांनी पाहिलेली आणि त्या मोजक्यांनी जीव टाकलेली. तिच्यावरून चित्रकथा काढायची म्हणजे दुसऱ्याच्या देवघरात पूजा करण्यासारखं होतं. शेवटच्या दृश्यात पडद्यावर तो तरुण बांधावरून उजवीकडे चालत जातो आणि पडदा रिकामा राहतो. पडद्याला वाचायची दिशा नसते, तिथे वेळच माणसाला ओढून नेते. ती उजवी बाजू नानाएने तशीच उचलून कागदावर ठेवली, आणि कागदावर तो माणूस परत फिरला.

मालिकेत तसं घडत काहीच नाही. एक गाव आहे, त्यात मिठाची एक भली मोठी घंटा आहे. ती वाजली तरच गावाला सकाळ होते, आणि दर ठोक्याला ती थोडी झिजते. पडलेलं मीठ बायका पदराआड लपवून नेतात आणि लोणच्यात घालतात, आणि ते लोणचं खाणाऱ्याला कालचा दिवस पुन्हा दिसतो. घंटा वाजवणाऱ्या तरुणाला नाव नाही. शेवटी घंटा संपते, नुसता दोर उरतो, आणि तो तरुण कोणाला काही न बोलता बांधावरून निघून जातो. एवढंच. पण नानाएने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती विशीत होती, भाड्याच्या खोलीत पाय ब्लँकेटात गुंडाळून गुरुबाईंच्या पानांवर राखाडी रंगाचे तुकडे चिकटवत होती, आणि तो तरुण चालायला लागला तेव्हा तिच्या हातातली कात्री थांबली. कारण तो तामोत्सुदादा होता. चेहरा वेगळा, कपडे वेगळे, बांधही वेगळा, पण चालणं त्याचंच होतं, आणि दिशाही तीच होती.

दादा गेला तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि तो एकोणीस. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा दुसऱ्यांदा हुकली होती. घरात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं, आणि त्या न बोलण्यानेच घर भरून गेलं होतं. चित्रकथांचं साप्ताहिक दादा विकत आणायचा. आधी तो वाचायचा, नखं खात, सावकाश, आणि मग नानाएच्या अंगावर फेकायचा. त्या सकाळी त्याने ते कोरं, न उघडलेलं तिच्या हातात दिलं. "घे, आज तू आधी." एवढ्या मोठ्या सन्मानाने ती इतकी फुगली, की हा कधी नाही तो असा उदार का झाला, असा प्रश्न तिला पडला नाही. गॅलरीत पाय लांब करून ती वाचायला बसली. पान संपलं, उलटायच्या आधी तिने मान वर केली, तर खाली कालव्याकाठच्या पायवाटेवरून दादा चालला होता. डावीकडून उजवीकडे. बसचा थांबा डावीकडे, दुकानं डावीकडे, ग्रंथालयही डावीकडेच. उजवीकडे नुसते नासपतीचे मळे होते. तिने पाहिलं, आणि पान उलटलं. पोलीस आले, वडिलांचे मित्र आले, पुढे वर्षानुवर्षं माणसं येत राहिली, ओसाकाला दिसला म्हणाली, जहाजावर लागला म्हणाली. त्या कोणालाच ती हे सांगू शकली नाही, की मला तो जातोय असं वाटलंच नाही. आज, ओल्या मांडीने त्या जोडपानापुढे बसल्यावर, तिला प्रथमच कळलं की का वाटलं नाही. तिचे डोळे तेव्हा वाचत होते. पानाच्या ओघात असलेल्या डोळ्यांना तो समोरून येताना दिसला होता. घरीच तर येतोय, मग हाक कशाला मारायची?

हे कळल्यावर तिला काही क्षण फार हलकं वाटलं, आणि लगेच फार वाईट. आणि मग तिला आईचा फोन आठवला.

अंक बाजारात आला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा तो फोन. आई म्हणजे ऐंशीला टेकलेल्या योशिएबाई. वडील गेल्यापासून मात्सुदोच्या त्याच जुन्या इमारतीत, त्याच तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. लेकीचं सगळं वाचतात आणि कधी काही बोलत नाहीत. फार तर "ह्या वेळी घोडे छान होते." मालिका त्यांनी पाहिलेली नव्हती. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "वाचलं. आला ना तो परत?" नानाए दोन दिवसांच्या जागरणानंतर उशीत तोंड खुपसून पडली होती. तिला वाटलं, अंक परत आला का, हिशोबाची पानं परत आली का, असलं काहीतरी असेल. ती "हं" म्हणाली.  मग आई म्हणाली, "बरं. ठेवते. गॅसवर पातेलं आहे." त्यानंतर फोन नाही. आईचा फोन नाही याचा नानाएला नेहमी आनंदच व्हायचा. ह्या वेळी किती दिवस नाही, हे मोजायची तिची छाती झाली नाही.

वाकुई दुसऱ्या दिवशी दुपारी आला. वाकुई म्हणजे मासिकातला तिचा संपादक. तिशीचा, गोरागोमटा, कायम धावत आल्यासारखा, चित्रकारांना मानाने सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणणारा. स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात तो आधीच कोपरा धरून बसला होता, आणि टेबलावर वाचकांच्या पोस्टकार्डांची चवड होती. मासिकाच्या शेवटी एक कार्ड जोडलेलं असतं. आवडलेल्या तीन गोष्टींवर खूण करायची, खाली दोन ओळी मत लिहायचं आणि टाकायचं. ह्या कार्डांवर चित्रकारांची घरं चालतात आणि बंद पडतात. मतं वाचू नयेत म्हणतात, आणि असं म्हणणाऱ्यांना ती पाठ असतात. नानाएलाही पाठ होती. 'मालिकेत जे कळलं नाही ते इथेही कळलं नाही, पण इथे न कळायला वेळ कमी लागला.' 'मालिका पाहून स्वप्नं पडायची, हे वाचून झोप लागते.' 'चित्रकार बाईंनी मीठ फार सुंदर काढलं आहे, पण घंटेचा आवाज ऐकू येत नाही.' हे शेवटचं तिला इतकं लागलं होतं की पुढचे तीन महिने तिने आवाज काढण्यात घालवले, आणि मग त्याच माणसाने लिहिलं, 'आता आवाज फार येतो.'

"सेन्सेई, आधी कॉफी घ्या," वाकुई म्हणाला. "मग शिव्या."

"माझ्या की तुझ्या?"

"आपल्या दोघांच्या. मूळ मालिकेचे भक्त म्हणजे सासूबाई हो. मीठ कमी म्हणणार, जास्त म्हणणार, आणि ताट मात्र चाटूनपुसून खाणार. पण ह्या वेळी त्यांचं बरोबर आहे." त्याने आवाज खाली आणला. "तो येतोय, सेन्सेई. शेवटच्या पानावर. अर्धे लोक भडकलेत की तुम्ही शेवट बदललात. उरलेले अर्धे खूष आहेत की तुम्ही शेवट बदललात. आणि आपण तर काहीच बदललेलं नाही!"

"तुम्ही लोकांनी तपासलं होतं ना?"

"तपासलं की. दिग्दर्शकांच्या कचेरीने तुमचं चित्र पडद्यावरच्या चित्रावर ठेवून पाहिलं. केसाला केस जुळला. शाबास म्हणाले. अहो, चित्र जुळतंय का हे बघणारा माणूस वाचत थोडाच असतो?" तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला आणि मग हसू आवरलं. "पुस्तकात दुरुस्त करून टाकू. शुक्रवारी छापखान्याला द्यायचंय. तुम्हाला काही करायचं नाही, जोडपान आरशासारखं उलटं करायचं. एक बटण. तो निघाला डावीकडे, विषय संपला."

नानाए कार्डं चाळत होती. अकिताच्या कोणा बाईंनी थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'तो परत आल्याबद्दल आभार.' कशाबद्दलचे आभार, कोणाची वाट पाहत होत्या ह्या बाई, काही नाही. नुसते आभार. एका शाळेतल्या मुलाने लिहिलं होतं, 'तो परत येतोय पण घंटा तर संपली, मग तो आता काय करणार?' तिला त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणावंसं वाटलं, बाळा, तोच तर प्रश्न आहे.

"चित्र उलटं केलं की त्यातल्या चुका दिसतात," ती म्हणाली. हे सगळ्या चित्रकारांना ठाऊक असतं. आरशात धरलं की आपण काढलेला सरळ माणूस एकीकडे कलंडलेला निघतो.

"त्या तुम्हाला दिसतात. वाचकाला नाही."

"वाचकालाच दिसलंय ना आत्ता? तुला नाही, मला नाही, दिग्दर्शकांना नाही."

वाकुईने कपाळावर हात मारला. "मान्य. पण सेन्सेई, तो जायला हवा. तो गेला नाही तर ती 'मिठाची घंटा'च नाही. तुम्हालाच तर हे सगळ्यात जास्त कळतं. तुम्ही हे काम मागून घेतलंत तेव्हा मला काय म्हणालात आठवतंय? मला फक्त शेवट काढायचा आहे, त्यासाठी आधीची सगळी प्रकरणं काढीन."

ते खरं होतं. तिने ते म्हटलं होतं, आणि म्हणताना तिला वाटलं होतं की शेवट काढायचा म्हणजे एकदाचा त्याला जाऊ द्यायचा. दोन वर्षं ती त्या पानाकडे चालत होती. पानाशी पोचली तेव्हा तिने रूपरेषाही काढली नाही, थेट शाईच घेतली, हात एकदाही अडला नाही, आणि ती ढसाढसा रडली आणि म्हणाली, गेला. आणि कागदावर पाहावं तर पठ्ठ्या समोरून चालत येतोय! माणूस स्वतःला कसा आणि किती फसवतो याला काही सुमार नाही. तिला वाटलं होतं आपण निष्ठेने नक्कल केली. निष्ठा कसली? हाताला जे हवं होतं ते पडद्यावर आयतं मिळालं, म्हणून हात इतका सरळ चालला. आता बटण दाबायचं म्हणजे वाकुईच्या दृष्टीने एक दुरुस्ती. पण मात्सुदोला तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारी ते पान उघडून बसली असेल, आणि तिला तिच्या लेकीने "हं" म्हणून सांगितलं होतं. त्या बाईने कोर्टात जाऊन मुलगा मेला असं जाहीर करून घ्यायला एवढ्या वर्षांत नकार दिला होता. वडील त्यासाठी चिडले, पाया पडले, शेवटी ते स्वतःच गेले, पण त्यांच्या निधनाच्या पत्रकात मागे राहिलेल्यांच्या नावांत तामोत्सुचं नाव तिने लिहायला लावलंच. तिच्या हातातून आता हे पान काढून घ्यायचं आणि म्हणायचं, छपाईची चूक होती?

"शुक्रवारपर्यंत सांगते," नानाए म्हणाली.

"सांगायचं काय त्यात?" वाकुईने विचारलं, आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "बरं. गुरुवारी संध्याकाळी तरी सांगा."

त्या दोन दिवसांत तिने काही केलं नाही. ओली चादर पिशवीतच राहिली आणि तिला कुबट वास यायला लागला. ती जोडपानापुढे बसायची आणि तिला वाटायचं, समजा, तो खरंच तेव्हापासून येतच असेल तर? एवढी वर्षं त्याच बांधावरून, त्याच सदऱ्यात, पाय दुखेपर्यंत चालत असेल, आणि आम्ही पानच उलटत नसू? मग तिला स्वतःचाच राग यायचा. चाळिशी उलटलेल्या बाईला असले विचार शोभत नाहीत. पण अकरा वर्षांच्या मुलीला ते शोभत होते, आणि ती मुलगी गॅलरीतून कधी उठलीच नव्हती. गुरुवारी सकाळी तिने तोंड धुतलं, बरे कपडे घातले आणि मात्सुदोला गेली.

घंटी वाजवायच्या आधीच दार उघडलं. आईने ठेवणीतलं लोकरी जाकीट घातलं होतं, ओठांना किंचित रंग होता. तिने नानाएला पाहिलं, आणि तिची नजर नानाएच्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे गेली.

"एकटीच?" आई म्हणाली.

"एकटीच. दुसरं कोण असणार?"

"नाही, म्हटलं." ती बाजूला झाली. दारातल्या पायरीवर पुरुषाच्या सपातांचा जोड मांडून ठेवला होता, कोरा, निळा, दुकानाची चिठ्ठी अजून काढलेली नव्हती. नानाए बूट न काढता तशीच उभी राहिली. आतून उकडलेल्या शेंगांचा वास येत होता. दादाला त्या टोपलीभर लागायच्या.

"मापाचं काही कळेना," आई पाठमोरी म्हणाली. "एकोणिसानंतर माणसाचे पाय वाढतात का गं?"

नानाए आत गेली आणि बसली. आई समोर बसून नासपती सोलायला लागली, एकसंध साल, न तोडता. गुडघ्याच्या डॉक्टरांकडे गेली होतीस का, असं नानाएने विचारलं. नाही गेले. भाजी कुठून आणतेस? शेजारच्या कुरोसेबाई आणून देतात. का? घरी कोणी नसताना आला तर, आई म्हणाली, आणि सुरी थांबवून तिने पहिल्यांदा लेकीच्या डोळ्यांत पाहिलं. "तू तोंडाने सांगणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तू लहानपणापासून तशीच. म्हणून चित्रात सांगितलंस ना? मी फोनवर विचारलं, तू हो म्हणालीस. मी पुढे विचारलं नाही. म्हटलं, त्यालाच नको असेल. लाज वाटत असेल. कुठे आहे तो? ओसाकालाच आहे ना?"

नानाएला वाटलं, आत्ता हो म्हणावं. हो आई, ओसाकालाच आहे, येईल म्हणाला, उन्हाळ्यात येईल. किती सोपं होतं! पान तसंच ठेवायचं, वाकुईशी भांडायचं, आणि ही म्हातारी उरलेले दिवस शेंगा उकडत राहील, ओठांना रंग लावून, दाराशी, गुडघा सुजवून, बाहेर न पडता. तिला आईची दया आली आणि स्वतःची भीती वाटली.

"चूक झाली आई," ती शेवटी म्हणाली. "तो जातोय. मालिकेत तो उजवीकडे जातो, म्हणून मी उजवीकडे काढला. कागदावर ते येण्यासारखं दिसतं. मला कळलंच नाही. मला दादाचं काही ठाऊक नाही."

"पत्ता?"

"नाही."

"कोणी पाहिलंय?"

"कोणी नाही गं, आई. काही नाही."

साल तुटलं. आईने ते उचलून ताटलीत ठेवलं, नासपतीच्या फोडी केल्या आणि एक लेकीपुढे सरकवली. तिचं तोंड जराही बदललं नाही. मग ती म्हणाली, "एवढी मोठी चित्रकार, लोक सेन्सेई सेन्सेई करतात, आणि जाणारा माणूस येताना काढतेस? दहा दिवस मी धड अंघोळ केलेली नाही. मधेच घंटी वाजली तर?" आणि ती हसली. रडली असती तर नानाएला इतकं जड गेलं नसतं.

"दुरुस्त करायचंय पुस्तकात. तुला विचारल्याशिवाय..."

"मला काय विचारायचं त्यात? कर." आई उठली, शेंगांखालचा गॅस बंद केला, आणि टेलिफोनजवळचं दुकानाचं जाहिरातपत्रक आणून कोऱ्या बाजूने लेकीपुढे ठेवलं. "काढ."

"इथे?"

"इथेच. मी बघते."

नानाएने पेन काढलं. आईपुढे तिने चित्र काढलेलं शाळेनंतर कोणालाच आठवत नव्हतं. तिने बांध ओढला, आकाश मोकळं सोडलं, आणि एक पाठमोरा तरुण काढला, डावीकडे निघालेला, एक पाय उचललेला, सदरा वाऱ्याने मागे ओढलेला. तो खरंच जात होता. 

आईने चष्मा लावून वाकून पाहिलं. "असा नाही," ती म्हणाली.

"हा मालिकेतला आहे आई. हा दादा नाही."

"असू दे कोणीही. असा भरभर नव्हता जात." तिने बोट कागदावर टेकवलं, शेंगांच्या पाण्याने ओलं झालेलं. मग तिने मागे, ओट्यावरच्या खिडकीकडे मान वळवली. त्या खिडकीतून जिन्याखालची सायकलींची जागा दिसते. तिथून इमारतीला वळसा घातला की पायवाट गॅलरीच्या बाजूला येते. "खाली उतरला आणि तिथे सायकलींपाशी उभा राहिला. बराच वेळ. हातात पिशवी होती. वर पाहिलं नाही त्याने. मी भांडी घासत होते, नळ बंद केला आणि बघत राहिले. मला कळलं होतं. मग निघाला, तो अगदी हळू. एकेक पाऊल. हाक मारायला पुष्कळ वेळ होता."

 एवढी वर्षं ह्या दोन खोल्यांच्या घराला एका बाजूला खिडकी होती आणि दुसऱ्या बाजूला गॅलरी. एकीतून तो निघताना दिसला होता आणि दुसरीतून जाताना, आणि मधल्या भिंतीपलीकडे कोण उभं आहे हे दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

"मलाही होता," ती म्हणाली. "मी गॅलरीत होते."

आईने चष्मा काढला आणि तो जाकिटाच्या टोकाने पुसत बसली. पुसून झाला तरी पुसत राहिली. "मग हळू काढ त्याला," ती म्हणाली. "चार पानं जास्त लागली तरी लागू देत. सावकाश जाऊ दे."

नानाएने ओला भाग सोडून पत्रकाच्या उजव्या कडेला पेन टेकवलं आणि पहिलं पाऊल काढलं. मग त्याच्या अगदी जवळ, जेमतेम हललंय असं, दुसरं.